मास्तरांचा न हललेला फोटो

माझे जावई शिंपी आहेत. सगळे त्यांना मास्तर म्हणतात म्हणून मीही मास्तरच म्हणते. जावईबापू म्हणायला माझी जीभ वळत नाही, आणि नावाने हाक मारली तर "ओ" देण्याआधी हा माणूस तीन कामं उरकून येतो.

मास्तरांचा सगळा धंदा दोन शब्दांवर चालतो : हलू नका. तोंडात टाचण्या धरून ओठांच्या एका कोपऱ्यातून ते हे म्हणतात, आणि भलेभले आरशापुढे श्वास रोखून उभे राहतात. एकदा तर एका पोलीस अधिकाऱ्याला त्यांनी हात वर करून इतका वेळ उभं ठेवलं होतं की बाहेरच्या लोकांना वाटलं, आत दरोडाच पडलाय. पण जगाला स्थिर करणाऱ्या या माणसाला स्वतःला मात्र स्थिर म्हणून राहता येत नाही. बसले तर पाय हलतो, पाय धरला तर बोटं वाजतात, बोटं धरली तर मान वळते. झोपेतही ते काहीतरी शिवतच असतात, असं माझी लेक सांगते.

त्यांच्या लग्नाचा फोटो आमच्या भिंतीवर आहे. त्यात लेक ठसठशीत आली आहे, मी कपाळाला आठ्या घालून आले आहे, आणि आमच्या दोघींच्या मधे कोट घातलेला धूर उभा आहे. तो धूर म्हणजे मास्तर. फोटोवाल्याने "तयार?" विचारलं आणि नेमकं तेव्हाच त्यांना माझ्या खांद्यावर एक दोरा लोंबताना दिसला.

आठ्यांचं कारण वेगळं होतं. हे लग्न मला पसंत नव्हतं. मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून माझी उमेदीची वर्षं गेली. माणूस बघितला की त्याची हजेरी घ्यायची, ही माझी सवय. मास्तर पहिल्यांदा घरी आले तेव्हा चहाचा कप संपेपर्यंत खुर्चीवरून चार वेळा उठले, आणि जाताना आमचा पडदा उसवून न्यायला निघाले. त्याची शिलाई म्हणे वाकडी होती. मी लेकीला म्हटलं, "जो धड बसून चहा पीत नाही तो संसार काय करणार?" ती म्हणाली, "उभ्याने करेल, आई."

निवृत्त झाल्यावर मी त्यांच्याकडेच राहायला आले. खाली दुकान, वर दोन खोल्या. दुकानात दाराशी मशीन, मधे कापड कापायचं मोठं टेबल, मागे पडद्याआड आरसा. मशीनची खडखड जमिनीतून वर येते आणि तिच्यावरून मला मास्तरांचा मूड कळतो. मी आल्याच्या आनंदात त्यांनी मला लोकरीचा कोट शिवून द्यायचं कबूल केलं. मापं घेतली, कापड कापलं, त्यावर खडूने खुणा केल्या, आणि ते तुकडे एका खुंटीला टांगले. तिथून पुढे मी केव्हाही विचारलं की उत्तर ठरलेलं : "गिऱ्हाइकांचं आधी, आई. घरचं मग." दोन थंड्या मी जुन्या शालीवर काढल्या.

आणि मग मास्तरांचा उजवा गुडघा दुखायला लागला.

शिंप्याचा गुडघा दुखला तर कारण सांगायला ज्योतिषी लागत नाही. दिवसभर पायमशीन मारणार, दुसरं काय होणार? लेकीने मशीनला मोटर बसवून घेतली. पहिल्याच दिवशी ती अशी सुसाट पळाली की एका भल्या माणसाच्या पँटचा पाय खालून शिवून बंद झाला. मास्तरांनी हळूहळू मोटर काबूत आणली, पण गुडघा काही काबूत येईना. मग तेल झालं, शेक झाला, पट्टा झाला. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी गुडघ्याचा फोटो काढायला लावला. फोटो इतका निर्मळ निघाला की डॉक्टर म्हणाले, "मास्तर, असा गुडघा पुस्तकात छापावा." काही महिन्यांनी पुन्हा काढला. तोही छापण्याजोगा. गुडघा नमुनेदार, आणि मास्तर लंगडतायत.

दुखणंही चमत्कारिक होतं. दिवसा जरा दबून राहायचं आणि रात्री पाठ टेकली की डोकं वर काढायचं. मास्तर उठून दुकानात येरझाऱ्या घालायचे. ॲस्पिरिनची एक गोळी घेतली की मात्र थोड्या वेळात सगळं शांत, आणि पोरासारखे गाढ झोपायचे. वसतिगृहात मी असली दुखणी पोत्याने बघितली आहेत. एका गोळीत पळणारी पोटदुखी म्हणजे परीक्षेची पोटदुखी. मी तसं स्पष्ट बोलून दाखवलं. लेक माझ्याशी चार दिवस बोलली नाही. मास्तर मात्र हसून म्हणाले, "आई, मग पेपर तरी कसला आहे ते सांगा, अभ्यास करतो."

हळूहळू त्यांना खाली बसता येईना. पँटच्या तळाची खूण करायची तर शिंप्याला गिऱ्हाइकाच्या पायाशी गुडघा टेकावा लागतो. मास्तरांनी त्यावर तोड काढली : गिऱ्हाइकालाच टेबलावर उभं करायचं. उंच माणसांच्या कपाळाला दिवा लागायचा. एक वजनदार गृहस्थ चढले खरे, पण उतरायची हिंमत होईना. त्यांना उतरवायला शेजारच्या केशकर्तनालयातून दोघं आले, त्यातल्या एकाच्या गालाला अजून साबण होता. आम्ही हसून हसून बेजार. पुढे आम्हालाही तीच सवय लागली. माप द्यायचं म्हटलं की आधी टेबलावर चढायचं.

मग एके दिवशी लेक इस्त्री करत होती, ती एकदम थांबली. मास्तरांची पँट तिने माझ्यापुढे पसरली. डावा पाय होता तसा होता, उजवा चांगला दोन बोटं अरुंद. आतली शिवण उलटून बघितली तर एकदा नाही, तीनदा आत घेतलेली.

"हे काय, मास्तर?" मी विचारलं.

"उजवीकडे ढिली पडत होती, म्हणून आत घेतली," ते म्हणाले.

"एकाच पायाला?"

"मग दुसरीकडे ढिली नव्हती ना."

आता या माणसाला काय म्हणावं! मांडी झिजत चालली होती, आणि हे तिच्या मापाने कपडा बारीक करत बसले होते. जगात कुणीही अशा वेळी डॉक्टरकडे पळाला असता. शिंप्याला मात्र वाटतं की चूक पँटची आहे. मी हसायला तोंड उघडलं आणि हसू फुटेना. मला पहिल्यांदा भीती वाटली.

दुसऱ्याच दिवशी आम्ही तिघं मोठ्या इस्पितळात हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाई वयाने लहान, पण हाताला जोर. त्यांनी मास्तरांना आडवं केलं, गुडघा पोटाकडे वाकवला आणि पाय आत वळवला मात्र, मास्तरांनी अशी आरोळी ठोकली की बाहेरच्या बाकावरचे दोन पेशंट बरे होऊन घरी गेले.

"गुडघ्यात काही नाहीये," बाई म्हणाल्या. "दुखणं खुब्यात आहे. खुबा बिघडला की पुष्कळदा तक्रार गुडघा करतो. नस तीच."

म्हणजे आम्ही इतके दिवस आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी करत होतो.

खुब्याचा फोटो काढायला मास्तरांना इस्पितळाचा झगा घालायला दिला. इथे थोडा मागचा इतिहास सांगायला हवा. इस्पितळाचे झगे शिवायचं काम मास्तरांना हवं होतं. ते नाक्यावरच्या दुसऱ्या शिंप्याला मिळालं. तेव्हापासून त्या शिंप्याचं नाव आमच्या घरात निघत नाही, नुसतं "तो" म्हणतात. आता "त्याच्या" हातचा झगा मास्तरांच्या अंगावर, आणि कमरेशी उसवलेला! कपडे बदलायच्या खोलीतून मास्तर बाहेर आले तेव्हा चेहरा असा फुललेला की लेकीला वाटलं, दुखणं थांबलं.

फोटो निघाला. एक्स-रेवाल्या बाई धावत बाहेर आल्या. "यांचं कधी ऑपरेशन झालंय का? खुब्यात लोखंडाची तार आहे!"

मी फोटो बघितला. हाडावर आडवी, पांढरीशुभ्र, लखलखीत रेघ. आणि त्या रेघेच्या एका टोकाला नेढं.

मास्तरांना उसवलेली शिवण बघवली नव्हती. आपल्या सदऱ्यातली सुई काढून त्यांनी आत उभ्याउभ्या झगा टाचून टाकला होता, आणि आयुष्यभराच्या सवयीने सुई त्याच कपड्यात खोचून ठेवली होती. एक्स-रेवाल्या बाई त्यांना काय काय बोलल्या ते मी इथे लिहीत नाही. मी रेक्टर असताना बोलायचे त्याच्या वरताण होतं.

दुसरा फोटो सुईशिवाय निघाला आणि तिथे आमचं हसणं संपलं. मांडीचं हाड खुब्यापाशी जिथे वळतं, तिथे ते एका बाजूने जाड झालं होतं आणि आत काहीतरी धूसर दिसत होतं. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "गाठ असू शकते. हाडातल्या काही गाठी निरुपद्रवी असतात, काही नसतात. एमआरआय करू, त्यात आतलं सगळं दिसेल."

एमआरआयचं यंत्र म्हणजे भलंमोठं लोहचुंबक. सुईची कीर्ती आधीच तिथवर पोचली होती, त्यामुळे मास्तरांची झडती झाली. दोन सुया, टाचण्या, एक हूक, आणि खिशात विसरलेलं, बोटात घालायचं अंगुस्तान निघालं. मग त्यांना त्या नळीत सरकवलं आणि सांगितलं, "अर्धा-पाऊण तास. अजिबात हलू नका."

हे मास्तरांना सांगायचं!

यंत्र सुरू झालं की खडखड, खडखड, ठकठक असा आवाज येतो. आम्ही काचेबाहेर बसलो होतो. थोड्याच वेळात मला मास्तरांचं उजवं पाऊल दिसलं. ते खालीवर होत होतं. आवाज थांबला की पाऊल थांबायचं, सुरू झाला की सुरू. इतकी वर्षं खडखड कानावर पडली की पाय मारायचा, हेच त्या पायाला ठाऊक. मास्तर नळीत झोपून मशीन चालवत होते. बाहेर आल्यावर वर सांगतात, "यंत्र चांगलं आहे, पण तेलपाणी करायला हवं."

फोटो वाचणारे डॉक्टर वयस्कर होते, मोजकं बोलणारे. त्यांनी पडदा आमच्याकडे वळवला. मास्तरांचा खुबा मला ओळखीचा वाटला. लग्नातल्या फोटोत उभा होता तोच धूर.

"हाडाच्या आत बरंच पांढरं पसरलंय," डॉक्टर म्हणाले. "नुसती सूज असेल तर काळजी नाही. पण गाठ हाड फोडून बाहेर पडली असेल तर मात्र अवघड. फोटो हललाय, त्यामुळे कड दिसत नाही. मला सांगता येत नाही."

"अवघड म्हणजे?" लेकीने विचारलं.

"तसलीच गाठ निघाली तर आधी जीव. मग पाय वाचतो का बघू."

मास्तरांनी मान डोलावली. त्यांचं पाऊल हलत नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं.

पुन्हा फोटो काढायचा दिवस पुढच्या आठवड्यातला मिळाला. या वेळीही हलले तर भूल द्यायची, असं ठरलं. मधल्या दिवसांत खालची खडखड बंद. एका सकाळी मात्र ती अचानक सुरू झाली, म्हणून मी जिना उतरून गेले. मास्तरांनी खुंटीवरून माझ्या कोटाचे तुकडे काढले होते आणि बाही जोडत बसले होते. बाजूला गिऱ्हाइकांच्या कपड्यांचा ढीग तसाच.

"हे काय चाललंय?"

"तुमचा कोट आधी उरकून टाकतो, आई."

मी बाही त्यांच्या हातातून ओढून घेतली. "गिऱ्हाइकांचं आधी, घरचं मग," मी ओरडले. "मला काही घाई नाही! या थंडीला नको, पुढच्या थंडीला द्या. तुमच्या हातून घालायचाय मला." आणि ते तुकडे घेऊन मी वर गेले, ते ट्रंकेत टाकले, आणि ट्रंकेवर बसून रडले. या माणसावर माझा इतका जीव जडलाय हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

फोटोच्या दिवशी मी निघताना दुकानातला एक खडू पदराला बांधला. कापडावर खुणा करायचा, चपटा. इस्पितळात मी यंत्रावरच्या तंत्रज्ञाला म्हटलं, "मला आत येऊ द्या. मी यांना स्थिर करते." त्याने माझीही झडती घेतली, केसांतले आकडे काढायला लावले, आणि खडू उलटासुलटा करून बघितला. खडूत लोखंड नसतं. झग्याच्या नि चादरीच्या पलीकडे मी काही रंगवणार नाही, असं माझ्याकडून कबूल करून घेतलं.

मास्तर फळीवर आडवे होते. चेहरा पांढरा. मी त्यांच्या कडेने चादरीवर रेघ ओढायला लागले. कमरेपासून खाली, मांडीच्या कडेने, पोटरीच्या कडेने, पावलाला वळसा घालून दुसऱ्या बाजूने वर. मग झग्यावर, खुब्यापाशी, एक फुली मारली. मास्तर डोळे तिरके करून बघत होते.

"रेघ थोडी वाकडी गेली, आई."

"जाऊ दे. कापड मांडलं, खुणा झाल्या. आता कापड सरकलं तर काय होतं, मास्तर?"

"वाया जातं."

"हे कापड माझ्या लेकीचं आहे. वाया घालवू नका."

त्यांनी डोळे मिटले. यंत्र खडखडायला लागलं. मी काचेबाहेर येऊन त्या पावलाकडे टक लावून बसले. लेकीने माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटांना मुंग्या आल्या. खडखड वाढली, थांबली, पुन्हा वाढली. पाऊल रेघेच्या आत होतं तसंच होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या माणसाला इतका वेळ निश्चल आम्ही दोघींनीही कधी बघितला नव्हता, आणि ते बघून बरंही वाटेना. यंत्र बंद झालं तरी ते उठेनात. तंत्रज्ञाने दोनदा सांगितलं, तेव्हा ते विचारतात, "खुणा पुसल्या का?"

त्याच दुपारी शेजारच्या खोलीत सीटी स्कॅन झाला. त्यात हाडाचे पातळ पातळ काप केल्यासारखे फोटो निघतात. फोटो वाचणारे डॉक्टर बराच वेळ पडद्यापुढे बसले होते. मग त्यांनी आम्हाला बोलावलं. या वेळी धूर नव्हता. हाडाची कड सरळ, स्वच्छ, कुठे फुटलेली नाही. आणि आत एक छोटा गोल काळा ठिपका, मधोमध पांढरा कण. सदऱ्याच्या बटणाएवढा.

"हीच ती गाठ," ते म्हणाले. "एमआरआयमध्ये पांढरं दिसत होतं ती हिच्यामुळे आलेली सूज. ही दिसायला एवढीशी, पण फार छळते. पसरणारी नाही. जीवही नेत नाही, पायही नेत नाही." मग मास्तरांकडे वळून त्यांनी विचारलं, "रात्री जास्त दुखतं का? आणि ॲस्पिरिनने चटकन थांबतं?"

"हो, अगदी तस्संच!"

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"आई म्हणाल्या होत्या, परीक्षेची पोटदुखी आहे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पडद्याकडे बघत राहिले. त्या बटणाइतकी सुंदर गोष्ट मी तोवर बघितली नव्हती.

उपाय ऐकून तर मास्तर उठूनच बसले. सीटीच्या फोटोत बघत बघत त्या ठिपक्यात सुई घालायची आणि तिचं टोक तापवून ठिपका जाळायचा. सुई! कमरेखालचा भाग बधिर केला होता, त्यामुळे मास्तर सबंध वेळ जागे. आतून बाहेर आलेल्या नर्सने सांगितलं की त्यांनी डॉक्टरांना सुई कशी धरावी हे दोनदा सुचवलं आणि तिसऱ्यांदा सुचवताना त्यांना गप्प राहायला सांगितलं गेलं. जाळण्याआधी त्याच वाटेने इवलासा तुकडा तपासायलाही काढला होता. तोही निर्धोक निघाला. घरी आल्यावर मास्तर गोळी न घेता झोपले. लेक म्हणते, झोपेत शिवणकामही पुन्हा सुरू झालंय.

खुब्याचा तो फोटो मास्तरांनी दुकानात आरशाशेजारी लावलाय. चुळबुळ करणाऱ्या गिऱ्हाइकाला ते दाखवतात : "हे बघा, मी स्वतः. याला म्हणतात स्थिर राहणं." खडू कुणी धरला होता, ते सांगत नाहीत. आमच्याकडे त्यांचा न हललेला असा तेवढाच एक फोटो आहे.

थंडी पडायच्या सुमाराला मला खालून हाक आली. "आई, कोटाची ट्रायल!"

ट्रंकेतून तुकडे कधी गेले, मला पत्ताच नव्हता. मी खाली गेले. कोट अंगात घातला. खांदे बरोबर, गळा बरोबर. तळाची खूण तेवढी राहिली होती, म्हणून मी सवयीने स्टूल टेबलापाशी ओढलं आणि वर चढायला एक पाय ठेवला.

"कुठे निघालात?" आवाज माझ्या पायाशी आला.

मी खाली बघितलं. मास्तर उजवा गुडघा जमिनीला टेकून बसले होते. तोंडात टाचण्या, हातात खडू. आपण खाली बसलोय याचं त्यांना भानही नव्हतं. कोटाच्या कडेचा एक दोरा त्यांनी दातांनी तोडला आणि वर न बघताच म्हणाले, "आई, हलू नका."

मी हलले नाही. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायलासुद्धा हात उचलला नाही.